मार्केट स्क्वेअर पुन्हा उकरला

शनिवारी आईला व्हिडिओ कॉल लावला, म्हटलं थांब, तुला तुझी खुर्ची दाखवतो, आणि इथे अमेरिकेत, पिट्सबर्ग डाउनटाउनच्या मार्केट स्क्वेअरला पोचलो तर चहूबाजूंनी कुंपण आणि आत आपल्या भाषेत जेसीबी. आई म्हणाली, "अरे, तिकडेही उकरतात का?" मला राग आला आणि खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं.

हा चौक 2010 मध्येच नीट झाला होता हो! त्याआधी फोर्ब्स अव्हेन्यूच्या बसेस मधूनच जायच्या, चौकाचे चार तुकडे. मग मधली वाहतूक बंद करून सगळी फरशी एका पातळीत आणली. ही पातळी म्हणजे काय ते गुडघे दुखणाऱ्या माणसाला विचारा. पुण्यात लक्ष्मी रोडला आई फुटपाथ चढताना माझा खांदा धरते, उतरताना धरते, मध्ये कुणाची तरी अॅक्टिव्हा आली की परत उतरते. इथे मागच्या वर्षी ऑयस्टर हाऊसपासून (1870 चं कालवं-माशांचं दुकान, आम्ही शाकाहारी, पाटी वाचून पुढे) पार काचेच्या पीपीजी टॉवरपर्यंत एकटी चालत गेली, एकदाही "पायरी आहे का रे" नाही. मग सुटी खुर्ची ओढून उन्हात बसली, चांगली तासभर.

आणि आता परत खोदकाम. का, तर 2026 च्या एप्रिलमध्ये शहरात एनएफएल ड्राफ्ट आहे, म्हणजे यांच्या फुटबॉलच्या टीम कॉलेजची पोरं निवडतात तो जलसा, आणि त्याच्या आत सगळं चकाचक हवंय. जी-20 साठी पुण्यात भिंती रंगवल्या तेव्हा मीच इथे ऑफिसात "आमच्याकडे पाहुणे आले की रंग लागतो" म्हणून हसवलं होतं सगळ्यांना. सोमवारी तोच विषय काढणार आहे.

तसं बघितलं तर यांच्या मार्केट स्क्वेअरमधलं मार्केट हाऊस 1961 मध्येच पाडलं. नाव मार्केट, आणि उन्हाळ्यातला शेतकरी बाजार सोडला तर भाजीची काडी नाही. आपली मंडई 1886 पासून उभी आहे, शेजारी जमिनीखाली मेट्रोचं स्टेशन आलं तरी कोथिंबिरीची जुडी तिथेच मिळते. ज्या जोतीरावांनी नगरपालिकेत या इमारतीच्या खर्चाला विरोध केला त्यांचंच नाव तिला दिलं, हे आपणच करू जाणे. आईला हे सगळं ऐकवलं तर म्हणते, "मी कुठे जाते आता मंडईत, दारात येणाऱ्याकडूनच घेते."

यावर काय बोलणार. कुंपणावर नव्या चौकाची चित्रं लावलीत, तिला एकेक करून दाखवली. तिचं लक्ष चित्रातल्या झाडांकडे नव्हतंच.

"पुढच्या वर्षी येऊ का मग?"

"ये की," म्हटलं, "पण फरशी परत एका पातळीत बसवतात का ते आधी बघून येतो."