सणाचं तयार जेवण मागवताना: मापं, फ्रीज आणि ओव्हनचं वेळापत्रक

तयार जेवण मागवलं की चिरणं, परतणं, शिजवणं सुटतं. किती मागवायचं, आणल्यावर कुठे ठेवायचं आणि सगळे पदार्थ एकाच वेळी गरम कसे वाढायचे, ही कामं मात्र घरातच राहतात. मागवलेलं जेवण बिघडतं तेही बहुतेक वेळा इथेच. म्हणून मेन्यू ठरवण्याआधी हातात कागद-पेन आणि मोजपट्टी घ्यावी.

‘आठ जणांसाठी’ या शब्दांवर ऑर्डर देऊ नका. आठ जण म्हणजे किती, हे प्रत्येक विक्रेता आपापल्या सोयीने ठरवतो. प्रत्येक पदार्थाचं वजन विचारा, पातळ पदार्थ असेल तर लिटर विचारा. मोठ्या माणसाला गोड सोडून एकूण 500 ते 600 ग्रॅम जेवण पुरतं. त्यात मुख्य पदार्थ बिनहाडाचा असेल तर 170 ते 200 ग्रॅम आणि हाडासकट असेल तर 350 ग्रॅमच्या पुढे धरा. सोबतचे पदार्थ चार असतील तर प्रत्येकी 80 ते 100 ग्रॅम पुरे. दोनच असतील तर दीडशे धरा. दहा वर्षांखालच्या मुलांना निम्मं. या हिशेबावर दहा टक्के जास्त घ्यावं, त्याहून जास्त घेतलेलं शिळंच होतं. ठरावीक पॅकमध्ये सर्वांत आधी संपतो तो रस्सा किंवा सॉस. माणशी 100 मिलिलिटर, सोबत भात असेल तर 125. वाढीव काही मागवायचंच असेल तर आधी हे मागवा.

दुसरा प्रश्न: पदार्थ पूर्ण शिजलेला आहे, अर्धवट शिजलेला की गोठवलेला? रंगावर जाऊ नका. वरून खरपूस दिसणारा मांसाचा तुकडा आतून कच्चा असू शकतो, आणि तो नुसता ‘गरम’ करून वाढला तर पंचाईत. लेबलवर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याकडून लिहून घ्या. गोठवलेल्या मोठ्या तुकड्याचा बर्फ फ्रीजमध्येच सुटू द्यायचा. साधारण दर दोन-अडीच किलोला 24 तास लागतात. म्हणजे पाच किलोला दोन ते अडीच दिवस, वर अर्धा दिवस हाताशी ठेवावा. ओट्यावर ठेवला तर मधला भाग बर्फच असतो आणि बाहेरचा थर मात्र तासन्‌तास कोमट राहतो. जिवाणूंना नेमकं हेच हवं असतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय: गरम आणायचं की थंड? जेवायला तासाभरात बसणार असाल तर गरम आणा, नाहीतर थंडच. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मध्ये जिवाणू झपाट्याने वाढतात आणि शिजलेलं अन्न त्या पट्ट्यात एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. या दोन तासांत काउंटरवरचा वेळ, गाडीतला वेळ आणि पाहुण्यांची वाट पाहण्यातला वेळ हे सगळं धरलेलं असतं. शिवाय बंद डब्यात वाफ कोंडते आणि कुरकुरीत पदार्थ घरी पोचेपर्यंत लिबलिबीत होतात.

गरम आणून घरी थंड करू म्हणाल, तर त्यातही गोम आहे. मोठ्या पातेल्याचा मधला भाग फ्रीजमध्येही फार हळू निवतो. दाट रश्श्यात आणि मांसात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जिवाणू अशा वेळी वाढतो. भातात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू (त्याचं उष्णता सोसणारं सुप्त रूप) शिजवूनही टिकतात. भात कोमट राहिला तर त्यातून वाढलेल्या जिवाणूंचं एक विष नंतर उकळूनही जात नाही. म्हणजे आधीची हयगय ‘नीट गरम करून खाऊ’ म्हणून भरून निघत नाही. गरम आणलेलं ठेवावंच लागलं, तर लगेच उथळ भांड्यांत, पाच सेंटिमीटरपेक्षा कमी थर देऊन पसरा आणि वाफ निघेपर्यंत झाकण तिरकं ठेवून फ्रीजमध्ये घाला. ते निवण्याची वाट पाहत ओट्यावर ठेवू नका.

थंड आणायचं म्हणजे जागा हवी. केटरिंगचा पूर्ण ट्रे साधारण 53 बाय 32 सेंटिमीटरचा असतो, अर्धा 32 बाय 26 चा. पूर्ण ट्रे घरातल्या बऱ्याच फ्रीजमध्ये आडवा बसत नाही आणि कित्येक ओव्हनमध्येही शिरत नाही. म्हणून एका पूर्ण ट्रेऐवजी दोन अर्धे मागा. फ्रीजचा कप्पा मोजताना दार बंद होतं का तेही पाहा, कारण दाराच्या आतले रॅक दोन-चार सेंटिमीटर खातात. सरबतं, लोणची, न कापलेली फळं आदल्या दिवशी बाहेर काढली तर जागा होते.

ऑर्डर घेताना काउंटरवरच डबे उघडून यादीशी ताडून पाहा. सणाच्या गर्दीत राहून जातो तो बहुतेक छोटा डबा, आणि त्यातच सॉस असतो. कोणाला ॲलर्जी असेल तर घटकांसोबत तळणीचं तेल वेगळं आहे का हेही विचारा. गाडीत ट्रे सीटवर नको. सीट मागे उतरती असते आणि रस्सा कडेने सांडतो. डिकीचा सपाट तळ बरा.

गरम करण्याचं वेळापत्रक पान वाढण्याच्या वेळेपासून उलटं मोजा. अडचण होते ती ओव्हनच्या जागेची. पातळ फॉइल ट्रे भरलेला असताना वाकतो, म्हणून खाली घट्ट बेकिंग ट्रे घ्या आणि प्लास्टिकचं झाकण काढून फॉइल लावा. 165 अंशांवर दोन किलोच्या, पाच सेंटिमीटर थराच्या ट्रेला फ्रीजमधून काढल्यापासून 40 ते 50 मिनिटं लागतात. दोन ट्रे एकदम असतील तर चतुर्थांश वेळ वाढवा आणि निम्म्या वेळेला वरचा खाली, खालचा वर करा. भाजलेलं मांस थंड असतानाच कापून घेतलेलं बरं. काप पसरून वर चार-पाच चमचे स्टॉक शिंपडला आणि फॉइलने घट्ट झाकलं की अर्ध्या तासात होतात. तीन किलोचा अखंड तुकडा दीड तास तरी घेतो आणि तेवढ्यात बाहेरून कोरडा पडतो. अखंड तुकडा टेबलावर आणण्याची हौस असेल तर तो कोरडेपणा गृहीत धरा, सॉस वाढवून ठेवा.

झालं की नाही हे बोट लावून कळत नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. 74 अंश दिसले की पुरे. रस्सा खदखदून उकळा. थंड रस्सा चरबी आणि स्टार्चमुळे गोठल्यासारखा दिसतो म्हणून लगेच पाणी ओतायचा मोह होतो. तसं करू नका. आधी मंद आचेवर तळापासून ढवळत गरम करा. तो आपोआप सैल होतो, मग गरज वाटली तर पाणी. क्रीम किंवा चीजचा सॉस मात्र उकळला की फुटतो. तो 75-80 अंशांवर आला की उतरवा.

भाताला मायक्रोवेव्ह उत्तम. पसरट भांड्यात, वाटीभर भाताला एक चमचा पाणी शिंपडून, झाकून ठेवा. मध्ये एकदा हलवा, कारण मायक्रोवेव्हमध्ये काही जागा थंड राहतात, आणि शेवटी दोन मिनिटं तसाच मुरू द्या. कुरकुरीत पदार्थ मायक्रोवेव्हमध्ये घालणं म्हणजे पैसे वाया. ते शेवटी, 200 अंशांवर, जाळीवर ठेवून, न झाकता आठ-दहा मिनिटं. ही वेळ बरोबर जुळते: बाकीचे ट्रे बाहेर काढून झाकून ठेवले तर वीसेक मिनिटं चांगले गरम राहतात आणि तेवढ्यात रिकामा ओव्हन तापवून कुरकुरीत पदार्थ होतात.

सगळंच विकत घेण्यात अर्थ नाही. एकूण किंमत वजनाने भागून पाहिली की कळतं, साधा भात, सॅलड आणि ब्रेड पॅकमध्ये विनाकारण महाग पडतात. सॅलड बाहेरचं असेलच तर ड्रेसिंग वेगळं मागा. आधी मिसळलं की मिठाने पानं पाणी सोडतात. मागवावं ते वेळखाऊ: तासन्‌तास भाजलेलं मांस, दोन-तीन टप्प्यांचा गोड पदार्थ, तळण. पुन्हा गरम केलेल्या जेवणाचा वास मंदावलेला असतो. वाढण्याच्या मिनिटभर आधी लिंबाचा रस, चिरलेली हिरवी पानं किंवा ताजी मिरपूड घातली की बराच फरक पडतो. मीठ गरम झाल्यावरच चाखून ठरवा, कारण थंड अन्नाची चव मुळात दबलेली असते.

उरलेलं दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये. तीन-चार दिवसांची मुदत पदार्थ शिजवल्या दिवसापासून मोजायची, घरी आणल्या दिवसापासून नाही. म्हणून डब्यावर शिजवल्याची तारीख आहे का पाहा, नसेल तर विचारून पेनाने लिहा. आणि गरम करताना सगळा डबा नको, खाणार तेवढंच काढा.