शुक्रवारचे भजन

२०११ साली मी नेवासे तालुक्यातून पुण्याला अभियांत्रिकी शिकायला आले, तेव्हा वसतिगृहातील पहिल्याच आठवड्यात एका मुलीने अगदी निरागसपणे विचारले, "तू ख्रिश्चन आहेस ना, मग तुझे मराठी इतके चांगले कसे?" तिच्या मनात काही वावगे नव्हते, म्हणून मी हसले, पण तोच प्रश्न निरनिराळ्या तोंडून येऊ लागल्यावर हसणे जमेनासे झाले. आमच्या घरी चार पिढ्यांपासून नाताळला करंज्या आणि चकल्या होतात, आजी नऊवारी नेसून उपासनेला जाते आणि तिला मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही, हे दर वेळी नव्याने सांगण्याचा मला कंटाळा आला होता.

माझ्या कपाटातले बायबल पाहून वरच्या वर्गातील एका मल्याळी मुलीने मला शुक्रवारच्या बैठकीला बोलावले. युनियन ऑफ इव्हॅन्जेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया ही १९५४ साली स्थापन झालेली ख्रिस्ती विद्यार्थ्यांची संघटना आहे आणि आमचा गट तिच्याशी जोडलेला होता. पाळक नाही, वेदी नाही. शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, घेणारा विद्यार्थीच, आणि जागा म्हणजे पूर्वी याच गटात असलेल्या एका दांपत्याचे दोन खोल्यांचे घर.

तिथे गेल्या गेल्या आपली माणसे भेटल्यासारखे वाटले, असे लिहिणे खोटे ठरेल. गिटारवर इंग्रजी गाणी चालत आणि मग प्रत्येकाने आळीपाळीने मोठ्याने उत्स्फूर्त प्रार्थना करायची असे. मी मनातल्या मनात मराठी प्रार्थनेचे इंग्रजी करून ठेवायची आणि माझी पाळी आली की ते सगळे पुसले जायचे. त्यातच एकाने विचारले, "तुझे तारण कोणत्या दिवशी झाले?" त्यांच्यापैकी बहुतेकांना आपण येशूला स्वीकारल्याची तारीख पाठ होती. पाळण्यातच बाप्तिस्मा झालेल्या मला कोणती तारीख सांगावी ते कळेना, आणि हा प्रश्न मला आजही पटत नाही. वर्गात मी ख्रिस्ती म्हणून वेगळी होते आणि इथे मराठी म्हणून. चौथ्या शुक्रवारी मी गेलेच नाही.

त्या रात्री ती मल्याळी मुलगी माझ्या खोलीवर आली. एव्हाना मी तिला 'चेची', म्हणजे मल्याळममध्ये ताई, म्हणू लागले होते. न येण्याचे कारण तिने विचारले नाही. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी पावाला लावून खाता खाता तिने एवढेच विचारले, "तुमच्याकडे चर्चमध्ये काय गातात?" मी 'उपासना संगीत' हे आमचे गीतांचे पुस्तक काढून तिला दाखवले आणि नारायण वामन टिळकांविषयी सांगितले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही हा कवी ओवी-अभंगांतच देवाला आळवत राहिला, त्यामुळे आमच्याकडे पेटी, तबला आणि टाळ यांच्या साथीने भजन होते, हे ऐकून ती म्हणाली, "मग पुढच्या शुक्रवारी आम्हाला शिकव."

टाळ नव्हते, म्हणून स्टीलची ताटली आणि चमचा घेतला. गटातल्या, मिझोरममधील ऐझॉलच्या एका मुलीने बादली पालथी घातली आणि तिच्यावर असा ठेका धरला की मीच थबकले; त्यांच्या मंडळीतही गाताना ढोल वाजतो, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. शब्द तिने रोमन लिपीत उतरवून घेतले. 'ळ' मात्र तिला शेवटपर्यंत आला नाही. मी तो दहा वेळा म्हणून दाखवला, ती दहा वेळा 'ल' म्हणाली आणि सगळे पोट धरून हसले. त्या संध्याकाळी माझी पाळी आल्यावर मी मराठीतच प्रार्थना केली. किती जणांना ती कळली कोण जाणे. "आमेन" मात्र सगळे म्हणाले.

पुढची तीन वर्षे माझे शुक्रवार ठरलेले होते. परीक्षेच्या दिवसांत शास्त्राभ्यास आटोपशीर व्हायचा आणि गणिताची उजळणी लांबायची. वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी माझ्यासोबत रात्रीच्या एस.टी.ने नगरला दोघी जणी आल्या, त्यांतली एक तीच ऐझॉलची. तो पहिला प्रश्न विचारणारी मुलगी पुढे माझी खोलीसोबतीण झाली आणि कधीकधी नुसत्या चहासाठी बैठकीला येऊ लागली. १८९० साली याच पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला होता, हे मला तिनेच सांगितले, आणि दुसरा कप पुढे केला.

गेल्या नाताळात ऐझॉलहून एक ध्वनिफीत आली. भजन तेच आहे, ठेका आता खऱ्या ढोलावर आहे, मागे तिची दोन मुले गात आहेत, आणि 'ळ' तिघांनाही येत नाही.