सागाच्या तुळईची इलेक्ट्रिक गिटार

जळगावात स्वतःची इलेक्ट्रिक गिटार बनवून घेतो आहे असे सांगितले की रंग कोणता, असे पहिल्यांदा विचारले जाते. माझ्या मते पहिला प्रश्न हवेचा आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि हवेत ओलावा उरत नाही, तर जुलैत सगळे दमट होते. लाकूड रुंदीच्या दिशेने आकसते नि फुगते, त्यामुळे उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड (बोटे टेकतात ती पट्टी) आकसला की फ्रेटची, म्हणजे त्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोके कडेने बाहेर येऊन बोटांना बोचू लागतात.

म्हणून बॉडीसाठी पाडलेल्या घरातील सागाची तुळई घेतली. इतके उन्हाळे सोसलेले लाकूड नव्या फळीसारखे पिळवटत नाही. साग अंगचा तेलकट असल्याने फळ्यांचा सांधा ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवावा लागतो, हे आमच्या मिस्तरींना प्रथम पटले नव्हते. साग जडही असतो, त्यामुळे आतून काही भाग पोकळ ठेवला. नेक, म्हणजे गिटारची मान, मात्र तयार घेतली: मॅपलची, वर शिसवाचा फ्रेटबोर्ड. तिची स्केल, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी, ६४८ मिलिमीटर; म्हणून नटपासून (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत ३२४. तेवढेच अंतर पुढे मोजून, जाड तारांसाठी किंचित मागे सरकायला जागा ठेवून, ब्रिज, म्हणजे बॉडीवरचा तारांचा टेकू, बसतो. येथे दोन-तीन मिलिमीटर चुकले तर वरच्या फ्रेटवर सूर कधीच जुळत नाहीत.

खर्च करायचा तो तार जेथे टेकते तेथे, असे माझे ठाम मत आहे. प्लास्टिकच्या नटऐवजी हाडाचा नट, पितळी सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) आणि तार आतल्या आत पकडून ठेवणारे लॉकिंग ट्यूनर, म्हणजे सूर लावायच्या खुंट्या, घेतले. अशा ट्यूनरवर तारेचे वेढे जवळजवळ नसतात, त्यामुळे तार ओढल्यावर वेढे सैल होऊन सूर उतरण्याचा प्रश्नच राहत नाही. सुवर्णनगरीत राहूनही सोनेरी मुलाम्याचे हार्डवेअर टाळले, कारण घामाने तो मुलामा झिजतो आणि येथे घामाची कमतरता नाही.

तारेचा कंप विजेच्या संकेतात बदलणारे पिकअप हंबकर जातीचे निवडले, याचे श्रेय घरच्या कूलरला. त्याच्या मोटारीची घरघर एकाच कॉइलचा (सिंगल कॉइल) पिकअप तत्परतेने पकडतो. तांब्याच्या पट्टीने पोकळी मढवली तरी चुंबकीय घरघर पुरती जात नाही. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ साली सिद्ध केलेल्या हंबकरमध्ये दोन कॉइल उलट्या दिशेने गुंडाळलेल्या आणि चुंबकही उलट ध्रुवांचे असतात, त्यामुळे बाहेरची घरघर एकमेकींत विरते आणि तारेचा आवाज मात्र दुणावतो. त्यासोबत ५०० किलो-ओहमचे पॉट, म्हणजे आवाज नि टोन कमी-जास्त करायच्या बटणांखालचे भाग, लावले. २५०चे लावले असते तर आवाजातील धार बोथट झाली असती.

सजावट शेवटी, आणि मोजकीच. फ्रेटबोर्डवर शिंपल्याचे ठिपके, तर बॉडीवर केळीच्या पानाच्या शिरा पितळी तारेने कोरून बसवल्या. ही तार ओळखीच्या सोनारांनी ओढून दिली. कोरलेल्या खाचेत इपॉक्सीबरोबर सागाचाच भुसा मिसळला की फट दिसत नाही. लाखेचे पॉलिश सुंदर दिसते, पण उन्हात उभ्या गाडीत ते मऊ पडण्याची भीती असते, म्हणून वर पीयू (पॉलियुरेथेन) वॉर्निशचा पातळ हात दिला.

तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली असता सातव्या फ्रेटपाशी पाव मिलिमीटर फट दिसते, तेवढीच मला हवी आहे. पावसाळा लागला की ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक जुळवणारी आतली धातूची सळई, पुन्हा तपासावा लागेल.