स्पर्धकांना घरी का ठेवता? तुम्ही विचारलेत म्हणून

ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेचे उमेदवार आमच्या घरी उतरतात, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. स्पर्धेच्या काळात या तरुण वादकांना शहरातली कुटुंबे आपल्याकडे ठेवून घेतात, त्यांपैकी आम्ही एक. पुण्याहून फोन आला किंवा गणपतीत इथली मराठी मंडळी भेटली, की प्रश्न ठरलेला असतो: संगीतात कसला आला पहिला-दुसरा नंबर, आणि ही मुले हिरमुसून परत जाताना डोळ्यांनी पाहूनही तुम्ही पुन्हा त्यांना घरात का घेता? आजवर मी विषय बदलत आले. आता माझ्या वन्संनीही तेच विचारले आहे, आणि त्यांनी आयुष्यभर गाणे शिकवलेले असल्यामुळे त्यांना तरी मला टोलवता येणार नाही.

वन्सं म्हणतात, की सवाई गंधर्व महोत्सवात कोणी गवयाला गुण देत नाही. अगदी खरे आहे. पण त्या मंचापर्यंत पोहोचायला गुरूंचा शब्द, घराण्याचे नाव किंवा आयोजकांची ओळख यांपैकी काही ना काही पाठीशी असावे लागते, हे वन्संना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे, आणि ज्यांच्या पाठीशी यातले काहीच नव्हते अशा त्यांच्या शिष्या आज कुठे आहेत हेही त्यांना माहीत आहे. इथे दूरच्या गावातले, कोणाच्याही ओळखीचे नसलेले पोर ध्वनिचित्रफीत पाठवते, निवडले गेले तर येते आणि जगातल्या नामांकित वादकांसमोर उभे राहते. परीक्षकांनी आपसांत चर्चा करायची नाही, प्रत्येकाने स्वतंत्रपणे गुण द्यायचे आणि स्वतःच्या शिष्याला द्यायचे नाहीत, असा नियम आहे. माणसांनी माणसांचे ऐकून ठरवायचे असेल, तर याहून स्वच्छ रीत मला तरी सुचत नाही.

आणि अंतिम फेरीबद्दल तर मला कोणी काही बोलू नये. व्हायोलिन आणि पियानोच्या वर्षी बारा जण तिथे पोहोचतात. वॉटर्लूच्या संगीत-निवासात प्रत्येकाला आठवडाभर बाहेरच्या जगापासून तोडून ठेवतात, आणि वाद्यवृंदासह वाजवायची एक अप्रकाशित, नवी रचना हातात देतात. तिचे ध्वनिमुद्रण नाही, कोणाची नक्कल करायची सोय नाही, गुरूंना विचारायचीही सोय नाही. समोर कागद आणि स्वतःची अक्कल. मग सहा संध्याकाळी, रोज दोघे, अशी ती रचना श्रोते बारा वेळा ऐकतात. 2013 साली पियानोच्या अंतिम फेरीत मिशेल पेट्रोसियान यांची रचना होती. तिची निवड याच संस्थेच्या रचनाकारांसाठीच्या स्पर्धेतून झाली होती. आजच्या काळात नव्या रचनेचा पहिला प्रयोग हाच बहुधा तिचा शेवटचा प्रयोग ठरतो. तिथे एकच रचना बारा मनांतून बारा प्रकारे उलगडताना ऐकायला मिळणे, हे रचनाकाराला दुसरीकडे कुठे मिळणार?

इथवर लिहिलेले सगळे मी मनापासून लिहिले आहे. तरीही वन्संच्या प्रश्नाचे ते उत्तर होत नाही, कारण त्यांनी बारा जणांबद्दल विचारलेलेच नाही.

व्हायोलिनच्या एका वर्षी आमच्याकडे एक मुलगा राहायला आला. त्याचे नाव आणि देश लिहीत नाही. हनुवटीखाली डाव्या बाजूला, वाद्य टेकून टेकून पडलेला काळपट तांबूस घट्टा, आणि वागण्यात कमालीचा संकोच. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो व्हायोलिनच्या घोडीवर आवाज दाबणारा रबरी म्यूट चढवून वाजवत असे. भिंतीपलीकडून ती बाखची फ्यूग इतकी बारीक ऐकू येई, की स्वर कमी आणि गजाची घासच जास्त कानावर पडे. आमचा वरणभात त्याला मानवला. पहिल्या फेरीत तो चांगला वाजला असे मला वाटले, पण माझ्या वाटण्याला तिथे किंमत नव्हती आणि नसावीही.

फेरी संपल्यावर फ्लाजेच्या सभागृहात परीक्षक मंचावर आले आणि उपांत्य फेरीत गेलेल्या चोवीस जणांची नावे वाचली गेली. त्यांत त्याचे नाव नव्हते. ट्राममध्ये तो पेटी मांडीवर धरून बसला आणि एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर त्याने गुरूंना फोन लावला. घंटा वाजत राहिली. पाच मिनिटांनी पुन्हा लावला, मग पुन्हा. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो मध्यरात्र उलटेपर्यंत तो एकच क्रमांक फिरवत होता. मध्ये आईचा फोन आला. तिला त्याने शांतपणे सांगितले, की जेवलो आहे आणि ठीक आहे. गुरूंनी फोन उचलला नाही, त्या रात्री नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही नाही.

मी त्याला आर्तुरो बेनेदेत्ती मिकेलांजेली या थोर इटालियन पियानोवादकाची गोष्ट सांगितली. हरलेल्या प्रत्येक मुलाला मी ती सांगत असे: 1938 साली याच ब्रुसेल्समध्ये, एमिल गिलेल्स पहिला आला तेव्हा मिकेलांजेली सातवा आला, आणि पुढच्याच वर्षी जिनिव्हाची पहिली स्पर्धा त्याने जिंकली. मुलाने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाला, "तो पुढे मोठा झाला, म्हणून तो सातवा होता हे तुम्हाला माहीत आहे."

त्यानंतर मी ती गोष्ट कोणालाही सांगितलेली नाही. पूर्वी मी म्हणत असे, की एका ठिकाणी चुकले तर दुसऱ्या ठिकाणी दुरुस्त होते. पण जिनिव्हानंतर काही आठवड्यांतच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ब्रुसेल्सची स्पर्धा पुन्हा भरली ती थेट 1951 मध्ये. त्या मधल्या वर्षांत ज्यांचे वय निघून गेले, त्यांचे कुठे आणि कधी दुरुस्त झाले?

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाने म्यूट काढून, उपांत्य फेरीसाठी तयार केलेला मोझार्टचा काँचेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासह वाजवायची रचना, अथपासून इतिपर्यंत वाजवला. मी बाहेर धुतलेले कपडे घेऊन उभी होते. ते वादन आदल्या दिवशीच्यापेक्षा फार चांगले होते, आणि हे त्याला सांगावे की नाही हे मला त्या वेळी ठरवता आले नाही. आजही ठरवता येत नाही.

त्याला जास्त कोणी दुखावले, असे तुम्ही विचाराल, तर मी न उचललेल्या फोनचेच नाव घेईन. परीक्षकांनी त्याला दोनदा लक्षपूर्वक ऐकून घ्यायचे बंधन स्वतःवर घेतले नव्हते, त्याच्या गुरूंनी मात्र वर्षानुवर्षे त्याचे बोट धरले होते. पण असे म्हणून मी स्पर्धेला सोडवते आहे की काय, ही शंका मलाही येते, कारण निकालाच्या रात्री फोन न उचलणारे गुरू या स्पर्धांच्याच वातावरणात तयार होतात. माझे यजमान याच्याही पुढे जातात. त्यांचे म्हणणे, आपल्यासारखी घरे मुलांचे दुःख झेलतात, म्हणून हे सारे असेच चालू राहते. त्यांचा मुद्दा मला खोडता आलेला नाही. मी त्यांना एवढेच म्हणते, की घर बंद केले तर स्पर्धा थांबणार नाही, मुलगा हॉटेलच्या खोलीत एकटा फोन लावत बसेल. त्यावर ते म्हणतात, की हे उत्तर नाही, आणि तेही बरोबरच आहे.

वन्सं, येत्या मे महिन्यात तुम्ही इकडे या. पहिल्या फेरीचे एक सत्र पूर्ण ऐका, रात्री आमच्याकडच्या मुलाबरोबर जेवा, आणि मग हाच प्रश्न मला त्याच्या समोर विचारा. मलाही त्याचे उत्तर ऐकायचे आहे.