दांड्यातून सुटलेलं डोकं

भाचा दहावीला आहे. परवा इंग्रजीचं पुस्तक घेऊन आला. “मामा, फ्लाय ऑफ द हँडल म्हणजे गाडीवरून उडून पडणं ना?” आमच्याकडचे खड्डे पाहता त्याचं फार चुकलं नव्हतं.

म्हटलं, हँडल गाडीचं नाही रे, कुऱ्हाडीचं. घाव घालता घालता पातं दांड्यातून निसटतं, कुणावर जाईल नेम नसतो. माणूस तसा एकाएकी भडकला की असं म्हणायचं. एकोणिसाव्या शतकातली ही अमेरिकन बोली. रानं तोडून वस्त्या बसत होत्या, कुऱ्हाड घरोघरी. आतल्या आत धुमसणाऱ्या रागाला मात्र हे चालत नाही. राग अचानक हवा आणि कारण बहुधा चिल्लर. भूतकाळात ‘फ्लू’ लिही, ‘फ्लाइड’ नको, हेही बजावलं.

गंमत म्हणजे पात्याला इंग्रजीत डोकंच म्हणतात. आपली कुऱ्हाड वेगळीच गोष्ट सांगते: दांडा गोतास काळ. आपण दांड्याला धरतो, घरभेदी म्हणतो. इंग्रजीत मात्र चिडलेला माणूस स्वस्तात सुटतो. जणू त्यानं काही केलंच नाही, नुसतं निसटलं!

पण निसटतं का, ते परभणीच्या मे महिन्यात कळतं. पारा 42 च्या पुढं गेला की बाभळीचा दांडासुद्धा सुकून आक्रसतो आणि नेढ्यात खुळखुळायला लागतो. एकदा आबा जळण फोडत होते. पातं सुटलं ते थेट दावणीपाशी जाऊन पडलं. बैल दचकला, मी थिजलो. आबा शांत. पातं उचललं, दांड्यावर बसवलं, पाचर ठोकली आणि कुऱ्हाड रातभर हौदात बुडवून ठेवली. लाकूड पाणी पितं, फुगतं, पातं घट्ट बसतं. वाळलं की पुन्हा ढिलं, तो भाग निराळा.

त्याच रात्री पिठल्यात मीठ कमी पडलं. आबांनी ताट असं सरकवलं, की तांब्या आडवा झाला. आईनं पदरानं पाणी टिपलं आणि आमच्याकडं बघून हळूच म्हणाली, “ह्यांलाबी आज हौदातच टाकावं लागतंय.”