उडद्या ओळखायचा तर मागची मांडी बघा, आणि झाडही

मुळा किंवा मोहरी उगवून आठवडा होतो न होतो, तोच पहिल्या दोन पानांवर छर्रे मारल्यासारखी बारीक भोकं दिसू लागतात. हात पुढे केला की दोन-तीन मिलिमीटरचा काळा ठिपका टुणकन उडतो आणि दिसेनासा होतो. हाच उडद्या, उड्या मारणारा छोटा पानखाऊ भुंगेरा. ताजं खाल्लेलं पान उजेडात धरून बघा. त्यावर भोकं कमी आणि खळगे जास्त असतात. भुंगेरा एका बाजूने खरवडतो, पलीकडची पातळ त्वचा तशीच राहते. ती वाळून गळली की आरपार भोक पडतं.

उडी मारतो म्हणून प्रत्येक किडा उडद्या ठरत नाही. तुडतुडेही उडतात, पण ते रस शोषतात, पान कुरतडत नाहीत. खरी खूण मागच्या मांडीत आहे. दहापट भिंगातून कडेने पाहिलं तर ती इतर दोन जोड्यांच्या मानाने ठळक फुगलेली दिसते. आत एक कडक, वळलेली स्प्रिंग असते आणि तिच्या जोरावर उडी बसते. कीटकशास्त्रज्ञ समरेंद्र मौलिक यांनी १९२९ मध्ये तिची रचना मांडली, म्हणून तिला मौलिक अवयवही म्हणतात.

आता आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोटाळा. द्राक्ष बागायतदार ज्याला उडद्या म्हणतात, तो स्केलोडोंटा स्ट्रिगिकोलिस नावाचा भुंगेरा खऱ्या उडद्यांच्या गटात बसतच नाही. तांबूस, चकचकीत आणि पाठीवर सहा गडद ठिपके असलेल्या या भुंगेऱ्याची मागची मांडी फुगलेली नसते. वेल हलवली की तो मेल्याचं सोंग करून खाली पडतो. त्याची अंडी सुट्या सालीखाली असतात, म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर सैल साल काढणं आणि वेलीचे फुगणारे डोळे (अंकुर) रोज तपासणं गरजेचं. मोहरीवरच्या उडद्याची माहिती वाचून द्राक्षाचं नियोजन करू नका, दोघांच्या सवयी वेगळ्या आहेत.

खऱ्या उडद्यांत झाड कळलं की निम्मी ओळख पटते. मोहरी, मुळा, कोबीवर फायलोट्रेटा हा उडद्या असतो. प्रत्येक कडक पंखावर नागमोडी पिवळा पट्टा असेल तर बहुधा त्याची स्ट्रिओलाटा ही जात, नुसता काळा आणि निळसर-हिरवी झाक असेल तर बहुधा क्रुसिफेरी. मोहरीच्या तिखटपणामागची ग्लुकोसिनोलेट रसायनं त्यांना खेचतात. तिळवणीतही ती असतात, त्यामुळे शेतात मोहरी नसेल तेव्हा बांधावरची तिळवण तपासावी.

भेंडी, अंबाडी, जास्वंदीवर निसोट्रा आणि पोडाग्रिका बघा. वांग्यावर सिलिओडीस, आणि हा ओळखायला सोपा: शृंगिकेला (डोक्यावरच्या मिशीला) अकराऐवजी दहाच खंड, आणि मागचं पाऊल पोटरीच्या टोकाला न जोडता थोडं आधी जोडलेलं. गवतांवरच्या कीटोक्नेमाच्या मधल्या आणि मागच्या पोटरीवर टोकाजवळ दात असलेली खाच असते. भातखाचरात पाणलवंग या तणावर चमकदार निळा अल्टिका सायनिया झुंडीने दिसतो. त्याच्या अळ्याही उघड्यावर पानं खातात. भाताची कीड समजून फवारा मारण्याआधी तो खरोखर कशावर चरतोय ते वाकून बघा. तण खाणाऱ्यावर औषध वाया घालवण्यात अर्थ नाही.

इथेच बहुतेकांची नोंद चुकते. पानावर बसला म्हणजे तो ते खातो असं नाही. वाऱ्याने, उडीने किंवा सावलीसाठी तो कुठेही येतो. म्हणून छोट्या पारदर्शक डबीत ओलसर टिपकागद आणि संशयित झाडाचं एकच पान ठेवून त्यात भुंगेरा सोडा. कागद चिंब नको, पाण्याच्या थेंबाला चिकटून भुंगेरे मरतात. चोवीस तासांनी नव्या चाव्याच्या खुणा आणि काळी विष्ठा, दोन्ही दिसतात का ते पाहा. शेजारच्या झाडाचं पान दुसऱ्या डबीत, दुसऱ्या भुंगेऱ्यासोबत. उपाशी भुंगेरा नको ते पानही थोडं चाखतो, म्हणून एखाद्या ओरखड्यावर भिस्त ठेवू नये. सर्वांत पक्का पुरावा अळीचा. पण फायलोट्रेटासारख्यांच्या अळ्या मुळांवर असतात, तेव्हा चार-पाच रोपं मातीसकट उपटून मुळं पाण्यात हळुवार धुवावी लागतात.

पकडायला सकाळची थंड वेळ बरी, तेव्हा उड्या कमी. फांदीखाली उलटी छत्री किंवा पांढरा ट्रे धरून टिचकी मारा. थोडे नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, थोडे कोरडे करून त्रिकोणी कागदाच्या टोकाला चिकटवा. डिंक टाचणीच्या टोकाइतकाच घ्या, जास्त झाला की पोटाकडची सगळी खूण झाकली जाते. नुकताच कोषातून निघालेला भुंगेरा फिकट असतो, त्याच्या रंगावरून जात ठरवू नये. कित्येक जाती नराच्या जननेंद्रियाचं विच्छेदन केल्याशिवाय कळत नाहीत, म्हणून एकच नमुना आणून भागत नाही.

झाडाची फुला-फळासकट फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवा आणि तिला भुंगेऱ्याच्या चिठ्ठीवरचाच क्रमांक द्या. चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि झाडाच्या नावापुढे ‘खाताना पाहिला’ की ‘नुसता बसलेला’ हे स्पष्ट लिहा.