तुम्ही विचारलंत म्हणून: बास्केटबॉलमध्ये डंक (उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबणं) मारताना एका पायावर उडायचं की दोन पायांवर?

ग्राउंडवर नवीन पोरं आली की आठ-पंधरा दिवसांत कुणीतरी विचारतंच, दादा, डंक मारायचा तर एका पायावर उडायचं की दोन्ही? मी उलट विचारतो, बॉल एका हातात धरता येतो का तुला? पोरं बघतच राहतात, पायाचं विचारलं तर हा हाताचं काय काढतो म्हणून.

तर ऐका. रिंग १० फुटांवर, आणि बॉल वरून आत कोंबायचा म्हणजे बोटं रिंगच्या वर सहाएक इंच तरी जायला हवीत. माझी उंची ५ फूट ११ इंच. शाळेपासून लेअप (पळत येऊन रिंगजवळ उडून बॉल हलकेच टाकणं) शिकलो तो उजवा हात डावा पाय असाच, त्यामुळे पळत येऊन एका पायावर उडायची सवय अंगातच होती आणि रिकाम्या हाताने रिंगला आरामात लटकायचो. बॉल घेतला की मात्र संपलं. एका पायावर उडताना अंग वळतं, दुसरा गुडघा वर येतो आणि बॉल शेवटी एकाच हातात राहतो, माझा पंजा लहान, बॉल सटकून मागच्या भिंतीवर, असं जवळपास दोन वर्षं चाललं. मायकेल जॉर्डन १९८८च्या NBA (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) डंक स्पर्धेत लांबून, फ्री थ्रो लाइनवरून उडाला ते सगळ्यांना पाठ आहे, पण त्याचा पंजा केवढा होता ते कुणी बघत नाही. त्याच स्पर्धेत डॉमिनिक विल्किन्सने दोन्ही पायांवर उडून दोन्ही हातांनी विंडमिल (बॉल गोल फिरवून मारलेला डंक) मारला होता, तो बघा एकदा.

मग मला शहाणपण सुचलं ते एका व्हॉलीबॉलवाल्या मित्रामुळे. तो म्हणाला, अरे स्मॅशला येतो तसा ये ना. म्हणजे शेवटून दुसरी स्टेप लांब टाकायची, कंबर खाली न्यायची, मग उजवा-डावा असे पाय पटकन एकामागोमाग टेकवून वर. डावखुऱ्याने उलट. यात पळण्याचा स्पीड कमी लागतो पण मांड्यांत ताकद पाहिजे, स्क्वॉट टाळणाऱ्याचं काम नाही. फायदा असा की बॉल शेवटपर्यंत दोन्ही हातांत राहतो आणि रिंगखाली गर्दीत कुणी धक्का दिला तरी तोल बऱ्यापैकी सांभाळता येतो. चार महिन्यांनी पहिला डंक पडला, तोही मॅचमध्ये नाही, वॉर्मअपला, आणि बघायला कोण तर ग्राउंडचे वॉचमन काका.

एक पाय वाईट असं मी म्हणत नाहीये हं. बारीक, चपळ, लांब पायांचा पोरगा फास्ट ब्रेकला (बॉल मिळताच समोरचे परतायच्या आत केलेला हल्ला) मोकळा सुटला तर त्याने एकाच पायावर उडावं, तिथे थांबून दोन्ही पाय टेकवत बसलास तर मागून ब्लॉक होशील. हायजंपमध्ये तर एका पायावर उडायचा नियमच आहे, म्हणजे त्यात दम आहेच.

फक्त आमच्यासारख्या सिमेंटच्या कोर्टवर रोज पन्नास-साठ उड्या मारू नका. गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं तेव्हा मी दुर्लक्ष केलं, आता जिना उतरताना रोज आठवण येते.